स्विफ्टचे अलॉय, सिटीचा हब आणि मधले दोन मिलिमीटर

जुने अलॉय बघायला गेलं की विकणारा एकच गोष्ट विचारतो, होल किती, चार का पाच. चार म्हटलं की चारवाल्या थप्पीकडे हात करतो आणि म्हणतो घ्या साहेब, कुठलाही घ्या, सगळे बसतात. सगळे बसत नाहीत. होल जुळली, पीसीडी (नटांची होल ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) जुळला तरी मधलं मोठं भोक पण जुळावं लागतं, ज्याला सेंटर बोअर म्हणतात, आणि असा काही आकडा असतो हे बऱ्याच जणांना रिम हबवर (चाक ज्यावर बसतं तो गाडीकडचा गोल भाग) अडकल्यावरच कळतं.

माझ्याकडे २०१२ ची होंडा सिटी आहे. नाशकात द्वारका चौकाच्या पुढे एका जुन्या पार्टवाल्याकडे स्विफ्टचे पंधरा इंची कंपनी अलॉय मिळाले, चारही सरळ, कुठे वेल्डिंग नाही, मागे जेडब्ल्यूएलचा (अलॉयच्या दर्जाचा जपानी) शिक्का, आणि भाव असा की घासाघीस करायला पण लाज वाटावी. दोन्ही गाड्यांचा पीसीडी ४×१००, म्हणजे चार होल, १०० मिमी. पण स्विफ्टचा बोअर ५४.१ मिमी आणि सिटीचा हब ५६.१ मिमी. म्हणजे रिमचं भोक दोन मिलिमीटरने लहान. उलटं असतं तर काही प्रश्नच नव्हता, होंडाचा रिम स्विफ्टला लावायचा असता तर मध्ये प्लास्टिकची नाहीतर ॲल्युमिनियमची हब रिंग टाकून मोकळं झालो असतो. बाजारातले ब्रँडेड अलॉय बऱ्याचदा ७३.१ चा मोठा बोअर ठेवूनच येतात आणि गाडीप्रमाणे रिंग बदलतात. पण रिंग भोक लहान करते, मोठं करत नाही, मोठं करायचं तर धातूच काढावा लागतो.

हे आकडे माहिती असले की निम्मं डोकं शांत होतं, म्हणून देतो. चार होल १०० पीसीडीमध्ये मारुती आणि ह्युंदाई ५४.१, टोयोटा इटिऑसचा पण तोच, होंडा ५६.१, निसान मायक्रा ६०.१. पाच होल ११४.३ मध्ये टोयोटा ६०.१, होंडा सिव्हिक ६४.१, डस्टर ६६.१, क्रेटा ६७.१. पोलो ५×१०० आणि ५७.१. आणि फियाटवाल्यांनी जपून, पुंतो लिनियाचा पीसीडी ४×९८ आहे, नुसत्या डोळ्याने १०० सारखाच दिसतो, बोल्ट पण दोन आटे जातात, आणि मग तिरके जाऊन हबच्या आट्यांची वाट लावतात. तिथे बोअर वाढवून काहीही होणार नाही.

आता नाशकात राहून हे घरी कशाला करायचं हा प्रश्न रास्त आहे. सातपूर अंबडला गाळ्यागाळ्यात लेथ आहे, एखादा टर्नर चहा प्यायच्या आधी हे काम करून देईल असं मला पण वाटलं होतं. तर पहिल्याच गाळ्यात उत्तर मिळालं, भो बेडला लागंल हे, म्हणजे फिरताना लेथच्या खालच्या पायाला घासेल. पंधरा इंची रिम म्हणतो आपण, पण ते टायर बसतो तिथलं माप आहे, बाहेरची कड धरली तर जवळजवळ सव्वाचारशे मिमी व्यास होतो, आणि छोट्या जॉबवर्कवाल्याचा लेथ शाफ्ट आणि बुश फिरवण्यासाठी घेतलेला असतो, त्यात एवढं मोठं ताट फिरतच नाही. गॅप बेडवाला, म्हणजे पायात मोठ्या जॉबसाठी खाच असलेला मोठा लेथ पाहिजे. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे कंपनीचा लॉट लागलेला असतो आणि तुमच्या चार रिमसाठी चक बदलायला तो तयार नसतो, ये म्हणतो शनिवारी, शनिवारी म्हणजे अंबडला लाईट नसते तेव्हा. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) तर अजून सोपं काम आहे, पण तिथे मशीनचा तास विकला जातो.

म्हणून बरेच लोक काय करतात तर घरीच अर्धगोल कानस घेऊन बसतात, किंवा ग्राइंडरला सॅंडिंगचा ड्रम लावतात आणि थोडं घासून बघ, लावून बघ, परत घास असं करत रिम हबवर चढेपर्यंत खरवडतात. एका बाजूने एकच मिमी काढायचाय, ॲल्युमिनियम मऊ आहे, अर्ध्या तासात रिम चढतो पण. चढतो म्हणजे भोक मोठं झालं एवढंच. गोल राहिलं का, आणि मधोमध राहिलं का, ह्याचा त्या चढण्याशी काही संबंध नाही.

आमच्या शेजारचे काका मायकोच्या टूलरूममध्ये होते (कंपनीचं नाव बॉश होऊन २००८ पासून किती वर्षं झाली, पण सर्कलचं नाव मायको सर्कल आणि रिटायर झालेला माणूस मायकोतला, हे नाशकात बदलणार नाही). डिझेलच्या नोझलवर आयुष्य काढलेला माणूस, मायक्रॉनशिवाय बोलत नाही. त्यांना मी कानसवाली पद्धत सांगितली तर ते म्हणाले, "अरे मोठं काय कोणीपण करेल, सेंटर कुठे गेलं ते कसं सांगशील?" मी म्हटलं काका पण नट कोनिकल, शंकूसारख्या बुडाचे आहेत ना, नट आवळले की व्हील आपोआप सेंटरला येतं. ते म्हणाले, "गाडीवर येईल. बॅलन्सिंगच्या मशीनवर कशाने येईल?"

ह्या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय खरं तर. टायरवाल्याकडे बॅलन्सिंगच्या मशीनवर तुमचं व्हील चार नटांवर बसत नाही. तो एक शंकू घेतो, मधल्या भोकात घालतो आणि वरून मोठा नट फिरवतो, म्हणजे मशीनसाठी तुमच्या व्हीलचं केंद्र हे त्या भोकाचं केंद्र. तुम्ही कानस मारून भोक अर्धा मिमी एका बाजूला सरकवलं असेल तर मशीन त्या सरकलेल्या केंद्राभोवती बॅलन्स करून देणार, स्क्रीनवर शून्य शून्य दाखवणार, आणि गाडीवर तेच व्हील नटांच्या कोनामुळे खऱ्या केंद्राभोवती फिरणार. टायरसकट व्हील साधारण १५ किलो धरा. १५ किलो अर्धा मिमी सरकलं तर हिशोब होतो ७५०० ग्रॅम मिमी, रिमच्या कडेपर्यंत १९० मिमी, म्हणजे कडेला जवळपास ४० ग्रॅमचं वजन चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं. टायरवाला पाच ग्रॅमच्या फरकासाठी वजन बदलतो आणि इथे चाळीस. शंभरच्या स्पीडला चाक सेकंदाला साडेचौदा वेळा फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात सहा किलोच्या वरचा धक्का बसतो. सिडकोत फिरताना कळणार पण नाही, एकतर आपल्या रस्त्यांवर, त्यात कुंभमेळ्याच्या कामांसाठी जे काही खोदून ठेवलंय, त्यात गाडी हलते ती कशाने हलते हे कोण सांगणार. पण भरवीरवरून समृद्धीला लागलात आणि काटा शंभरच्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, मग माणूस अलाइनमेंट करतो, परत बॅलन्सिंग करतो, टायर आलटून पालटून बघतो, शेवटी सस्पेन्शनवर येतो. भोकाकडे कोणी बघतच नाही.

तर मग घरी करायचं तर जुन्या भोकालाच धरून करायचं. कंपनीने जे ५४.१ चं भोक केलंय ते बरोबर मधोमध आहे, नटाच्या होलांशी जुळलेलं आहे, तेवढी एकच खात्रीची गोष्ट आपल्या हातात असते, ती खरवडून टाकायची नाही, तिच्यावरच टेकून नवीन भोक कापायचं. ह्यासाठी सुताराकडचा ट्रिमर. तोच, ज्याने सनमायकाच्या कडा मारतात. त्याला असा कार्बाइड बिट येतो की वर कटर आणि खाली बेअरिंग, बेअरिंग कटरपेक्षा लहान. बेअरिंग आतल्या जुन्या भिंतीवर टेकून फिरतं आणि कटर त्याच्या वरची भिंत तेवढ्याच फरकाने खातो, सगळीकडे सारखी. बेअरिंग आणि कटरच्या व्यासात दोन मिमीचा फरक असेल तर भोकाच्या भिंतीतून बरोब्बर एक मिमी जातो. कार्बाइड ॲल्युमिनियम आरामात कापतं, सेक्शनच्या खिडक्या करणारे हेच करतात.

बेअरिंगचं माप बाजारात पाहिजे तसं मिळत नाही, लाकडाच्या कामाला पाच नाहीतर दहा मिमीची खाच लागते, एक मिमीची कोणाला लागत नाही. इथे काकांनी त्यांच्या ओळखीतल्या गाळ्यात (छोटा लेथ, बुशचं काम, ते लगेच झालं) बेअरिंगवर दाबून बसणारी पितळेची पातळ रिंग करून आणली. आधी मुद्दाम थोडी जाड ठेवली, म्हणजे कट एक मिमीपेक्षा कमी बसेल, मग भोक मोजायचं, रिंग अजून किंचित उतरवायची आणि फायनल कट. ॲल्युमिनियम काढता येतं, परत घालता येत नाही, म्हणून मापाकडे खालूनच जायचं.

दुसरी गोष्ट खोलीची. रिमचं मधलं भोक आरपार एकाच मापाचं नसतं, मागच्या बाजूला जिथे रिम हबवर टेकतो तिथे थोडी सरळ भिंत असते आणि पुढे सेंटर कॅपसाठी वेगळी खाच असते. हबची कड म्हणजे जी रिमच्या आत शिरते ती माझ्या गाडीत व्हर्नियरच्या शेपटीने मोजली तर दहा मिमीच्या आत भरली, आणि स्विफ्टच्या रिमची सरळ भिंत त्यापेक्षा चांगली खोल होती. म्हणजे पूर्ण भिंत कापायची गरजच नाही, हबची कड शिरेल एवढी खोली आणि वर एखाद मिमी मोकळं, खाली जुनं ५४.१ शिल्लक, ज्यावर बेअरिंग फिरतं. तुमच्या रिमची भिंत एवढी खोल नसेल तर ही पद्धत विसरा, सरळ मोठा लेथ शोधा. आणि मागच्या हबला डस्ट कॅप असते, ती उरलेल्या ५४ मधून मोकळी जाते का हे कापायच्या आधी बघायचं.

ताकदीचं म्हणाल तर त्याची भीती नव्हती. पीसीडी १०० म्हणजे नटाच्या होलचं केंद्र मधापासून ५० मिमीवर, होलची अर्धी रुंदी सात धरली तर आतली कड ४३ वर, आणि नवीन बोअरची त्रिज्या २८. मध्ये १५ मिमी धातू राहतो, आधी १६ होता. बाजारातल्या ७३.१ वाल्या रिमला त्याच्या निम्मा पण राहत नाही. टोयोटाचा ६०.१ क्रेटाला लावायला ६७.१ करायचा असेल तर मात्र साडेतीन मिमी एका बाजूने काढावा लागतो, ते ट्रिमरने करायचं काम नाही. स्टीलच्या रिमला तर अजिबात हात लावू नका, तिथे मध्ये पत्राच वाकवून कड केलेली असते.

टायर काढूनच घेतले. रिम पालथा म्हणजे मागची बाजू वर करून पार्किंगमध्ये जुन्या गादीवर ठेवला, आणि लाकडाच्या दोन पट्ट्यांनी असा अडकवला की जराही फिरणार नाही. टेकायचा सपाट भाग रिमच्या खोल पोटात असतो, ट्रिमर उभा आत उतरवावा लागतो, आणि त्या सपाट भागावर नटांच्या मधे वजन कमी करायला खोलगट कप्पे असतात, तिथे ट्रिमरचा लहान पाय घसरतो आणि कट तिरका जातो. म्हणून खाली अक्रिलिकची मोठी गोल पट्टी स्क्रूने लावली, ती सगळ्या कप्प्यांवरून आडवी सरकते. स्पीड सगळ्यात कमी. भोकाच्या आत कापताना ट्रिमर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने न्यायचा, उलटा नेला तर कटर स्वतःच पळायला बघतो आणि हातातून ओढ घेतो. एकदम पूर्ण खोली घ्यायची नाही पण बेअरिंगला तर खाली भिंत लागते, म्हणून पहिला कट वरवर, दोन मिमी खोल, मग उतरवत जायचं. अधूनमधून ब्रशने रॉकेलचा हात, नाहीतर ॲल्युमिनियम कटरच्या दातांना चिकटतं आणि कापायच्या ऐवजी घासायला लागतं, आवाजच बदलतो, चिरका होतो, कळतं लगेच. रॉकेल मिळत नसेल तर डब्ल्यूडी फोर्टी. ब्रश मारताना मशीन बंद. गॉगल पाहिजेच, चष्मा नाही, गॉगल, कारण चुरा गरम उडतो आणि रिमच्या पोटात आपटून परत तोंडाकडेच येतो. काकूंच्या तुळशीत अजून चमचमतंय काहीतरी, त्यावरून दोन्ही घरात बोलणी खाल्लीत.

मोजायला व्हर्नियर चालतो, ०.०२ वाला, पण भोकात व्हर्नियरचे जबडे सपाट असल्याने माप किंचित कमी दाखवतो, आणि एकाच ठिकाणी मोजून उपयोग नाही, फिरवून फिरवून तीन चार दिशांनी घ्यायचं, तेव्हा गोलाई कळते. मी ५६.१५ च्या आसपास थांबलो. खरं गेज म्हणजे गाडीचा हबच, तो एमरी मारून गंज काढून चकचकीत करायचा, कडेला निळं (खुणेचा निळा रंग) लावायचं, रिम हाताने ढकलायचा आणि काढून बघायचं निळं कुठे घासलंय. सगळीकडे पुसट लागलं तर छान. एकाच जागी गडद लागलं तर तिथे बर (धातूचा बारीक उंचवटा) राहिलाय. वरच्या कडेला बारीक चॅम्फर (तिरका उतार) मारला की रिम हबवर चढताना अडत नाही.

आणि हाताने बसत नसेल तर नटाने ओढून बसवायचा नाही, हे जरा ओरडून सांगतो. लोक हेच करतात. थोडंसंच अडतंय, आवळ पान्याने, बसेल. रिम हबच्या कडेवर डब्याचं झाकण तिरकं बसावं तसा बसतो, वरून सगळं टाइट लागतं, पण मागचा सपाट भाग हबला टेकलेलाच नसतो. गाडीचं वजन पेलायचं काम त्या दोन सपाट पृष्ठभागांच्या दाबामुळे होतं, नट फक्त तो दाब देतात. तिथे फट राहिली की थोड्या किलोमीटरमध्ये रिम सरकून जागेवर येतो आणि नट ढिले पडतात. चारही नट. कसारा घाटात पडले तर काय ते मी लिहीत नाही.

नटांवरून अजून एक घोळ. होंडाचे कंपनी नट गोल बुडाचे असतात, बॉल सीट, आणि स्विफ्टच्या रिमची बैठक ६० अंशाच्या कोनाची. गोल बूड कोनात ठेवलं तर एका बारीक रेषेवर टेकतं, टॉर्क दाखवतो पण पकड नसते. म्हणजे होंडाचे नट चालत नाहीत. मग पार्टवाला म्हणतो रिमबरोबर स्विफ्टचेच नट घेऊन जा, तर ते पण चालत नाहीत, कारण स्विफ्टचा आटा १२×१.२५ (१२ मिमी जाडी, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) आणि होंडाचा १२×१.५. दोन फेरे जातील आणि मग स्टडचे (हबमधून बाहेर येणारे, नट बसायचे दांडे) आटे मरतील. कोनिकल बुडाचे १२×१.५ चे नट वेगळे घ्यायचे, अलॉयच्या दुकानात सहज मिळतात. हे माहीत नसेल तर बोअर कितीही मायक्रॉनमध्ये केला तरी फुकट.

बाकी बसवणं नेहमीसारखं. हबच्या कडेला ग्रीसचा अगदी पुसट हात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर रिम चिकटून बसणार नाही, पण सपाट भागाला आणि आट्याला ग्रीस नाही. चाक हवेत असतानाच चारही नट हाताने पूर्ण फिरवायचे, मग समोरासमोरचे आवळायचे, मग जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने १०८ न्यूटन मीटर. शंभर किमीच्या आत परत एकदा बघायचं. टायरवाल्याला सांगायचं की दादा शंकू मागच्या बाजूने घाल, बरेच जण सवयीने पुढून कॅपच्या बाजूने घालतात, तिकडच्या खाचेवर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. माझ्या टायरवाल्याने आधी हसून घेतलं, मग मागून घातला, आणि चारपैकी एकालाच जरा जास्त वजन लागलं, तो रिम आधीपासूनच किंचित वाकडा असेल. काकांनी तरी डायल लावून रनआउट (फिरताना चाक किती डगमगतं ते) बघितला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "चालेल." टूलरूमवाल्याकडून ह्यापेक्षा जास्त काही मिळत नाही.

स्टेपनी कंपनीचीच स्टीलची आहे. तिला कोनिकल नट चालत नाहीत, तिची बैठक गोल बुडाची, म्हणून होंडाचे जुने चार नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खाली ठेवलेत, आणि नवीन नटांना कंपनीचा १९ चा पाना लागत नाही म्हणून त्याच पिशवीत २१ चा पण टाकलाय. घरात जो कोणी गाडी घेऊन जातो त्याला ही पिशवी काय आहे हे सांगावं लागतं.